अंधारातली लाजाळू

आमच्या आजीचा नियम होता, दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाड झोपलेलं असतं. मी हसायचो. मग बॉटनीच्या वर्गात झाँ-जाक द मेराँ हे नाव आलं आणि आजी आठवली.

मेराँ १६७८ साली दक्षिण फ्रान्समधल्या बेझिए गावी जन्मले. वडील चौथ्या वर्षी गेले, आई सोळाव्या. पोरक्या मुलाने शिक्षण सोडलं नाही. १७१८ मध्ये ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोचले. त्यांचं मन आकाशात रमायचं. ध्रुवीय प्रकाशावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. चंद्रावरच्या एका विवराला आज त्यांचं नाव आहे.

पण मला आवडतो तो त्यांचा १७२९ मधला साधा प्रयोग. लाजाळूसारखं एक रोप त्यांनी अंधारात ठेवलं. ऊन नाही, तरी पानं दिवसा उघडायची, रात्री मिटायची! त्यांनी स्वतः हे छापलंही नाही. मार्शां या मित्राने अकादमीपुढे मांडलं. रोपाला न दिसणारा सूर्य कसातरी जाणवतो, एवढाच अर्थ त्यांनी लावला. घड्याळ पानातच असेल, हे आकाश बघणाऱ्या त्या माणसाच्या मनात आलं नाही.

१८३२ मध्ये द कांदोल यांना दिसलं की सतत उजेडात लाजाळूचा फेरा २२-२३ तासांचाच होतो. सूर्य पाळत असती तर बरोबर २४ भरले असते. म्हणजे घड्याळ तिचं स्वतःचं!

त्या घड्याळाचे काटे म्हणजे जनुकं. मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिसमध्ये पहाटे सीसीए-१ आणि एलएचवाय जागी होतात. त्यांची प्रथिनं टॉक-१ या जनुकाला दाबून ठेवतात. दिवस कलता ती प्रथिनं ओसरतात, टॉक-१ डोकं वर काढतं आणि सकाळच्या जनुकांना गप्प बसवतं. याच तालावर प्रकाश पकडणारी प्रथिनं बनवायची जनुकं सूर्योदयाआधीच कामाला लागतात.

मेराँ १७७१ मध्ये, ९२ व्या वर्षी गेले. आपण काय शोधलं, हे त्यांना कळलंच नाही.

आजीही आता नाही. तिला सांगायचं राहिलं, की तुझं अर्धं खरं होतं. रात्री झाड झोपत नाही गं, रात्रपाळीवर जातं.