योगाला पुराव्याची कसोटी लावणारे स्वामी कुवलयानंद

दरवर्षी २१ जून रोजी मुंबईपासून परभणीपर्यंत गावोगावच्या मैदानांवर शेकडो नागरिक एकत्र येऊन आसने करतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानंतर २०१५ पासून या दिवसाला आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. दमा, मधुमेह, रक्तदाब, पाठदुखी अशा नाना व्याधींवर योग हा रामबाण उपाय असल्याचे या निमित्ताने हिरिरीने सांगितले जाते. मात्र अमुक आसनाने शरीरात नेमके काय घडते, ते कोणाला उपकारक आणि कोणाला अपायकारक, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारून त्याचे उत्तर शोधण्यात ज्यांनी अवघे आयुष्य वेचले, ते म्हणजे लोणावळ्याच्या ‘कैवल्यधाम’चे संस्थापक स्वामी कुवलयानंद.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे एका गरीब मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती इतकी बेताची होती, की शिक्षणासाठी काही काळ दुसऱ्यांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. तरीही १९०३ मध्ये मॅट्रिक होताना त्यांनी संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. पुढे बडोदा कॉलेजात शिकत असताना तेथे अध्यापन करणाऱ्या अरविंद घोषांचा आणि लोकमान्य टिळकांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. आजन्म ब्रह्मचारी राहून लोकसेवा करण्याचा निश्चय त्यांनी तरुण वयातच केला होता.

बडोद्यातच राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत १९०७ ते १९१० या काळात त्यांनी देशी व्यायामाचे धडे घेतले. तेथे शरीराची शिस्त अंगी बाणली. पदवी मिळाल्यावर ते अध्यापनाकडे वळले आणि खानदेशातील अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात रमले. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी या वयोवृद्ध योग्याशी त्यांची भेट झाली. या भेटीने त्यांच्या आयुष्याला निराळे वळण दिले. व्यायामशाळेत मेहनत घेतलेल्या आणि संस्कृत ग्रंथ वाचलेल्या या शिक्षकाला योगाची प्रत्यक्ष साधना गुरूकडून मिळाली.

दुसरा एखादा शिष्य गुरूचा शब्द प्रमाण मानून तेथेच थांबला असता. गुणे यांची वृत्ती वेगळी होती. गुरूविषयी अपार श्रद्धा असूनही योगक्रियांचे जे परिणाम सांगितले जातात, ते यंत्रांच्या साह्याने तपासून पाहावेत, असे त्यांना वाटू लागले. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या क्रियांवर प्रयोग केले. क्रिया चालू असताना क्ष-किरणांनी पोटातील हालचाली पाहण्यात आल्या. नौलीत पोटाचे मधले स्नायू पुढे काढले, की मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, असे पुढे दाबमापकानेही दिसून आले. बस्तीत पाणी आपोआप वर कसे ओढले जाते, याचा भौतिक उलगडा झाला. या पोकळीला त्यांनी कृतज्ञतेने आपल्या गुरूंचे नाव दिले.

या प्रयोगांतूनच १९२४ च्या विजयादशमीला लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना झाली. त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. एकीकडे प्रयोगांचे तपशील आणि दुसरीकडे सामान्य वाचकाला समजतील असे आसनांचे पाठ, अशी त्याची रचना होती. शरीरशास्त्राच्या अभ्यासकाला पटेल असे लिहायचे आणि घरी योग करणाऱ्यालाही दूर लोटायचे नाही, ही कसरत त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली. तिसाव्या दशकात येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कोवूर बेहनन लोणावळ्यात येऊन राहिले आणि येथील अनुभवांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

कुवलयानंदांच्या बौद्धिक प्रामाणिकपणाचे सर्वात चांगले उदाहरण प्राणायामाविषयीचे आहे. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, हा समज तेव्हाही रूढ होता आणि आजही आहे. कुवलयानंदांनी मात्र आपल्या निरीक्षणांच्या आधारे हा समज चुकीचा ठरवला. श्वास मंद केल्याने आणि रोखल्याने प्राणवायूचा साठा वाढत नाही. प्राणायामाचे मोल श्वसनसंस्थेला लागणाऱ्या वळणात आणि मज्जासंस्थेवरील परिणामात आहे, अशी मांडणी त्यांनी केली. योगाच्या प्रसाराला वाहून घेतलेल्या माणसाने योगाच्या बाजूचा एक लोकप्रिय दावा स्वतःहून खोडून काढावा, याला धैर्य लागते.

हीच सावधगिरी त्यांच्या उपचारांत दिसते. १९२७ मध्ये महात्मा गांधी रक्तदाबाने आजारी पडले, तेव्हा आसनांविषयी या दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. कान वाहणाऱ्यांनी किंवा रक्तदाब प्रमाणाबाहेर असणाऱ्यांनी शीर्षासन आपल्या मनाने करू नये, असा इशारा कुवलयानंदांच्या लेखनात आहे. कोणती क्रिया कोणाला द्यावी याइतकेच ती कोणाला देऊ नये, हेही वैद्यकाचे अंग असते, याचे त्यांना भान होते. १९३२ मध्ये संस्थेने मुंबईत केंद्र सुरू केले. पुढे ते मरीन ड्राइव्हवर आले आणि शहरातील नोकरदार वर्ग तेथे पायऱ्या चढू लागला.

शाळांतील शारीरिक शिक्षणात योग आणण्यासाठी मुंबई सरकारच्या समित्यांवर त्यांनी काम केले. समूहाने करावयाच्या योगव्यायामांचा आराखडाही त्यांनी तयार केला. आज मैदानांवर दिसणाऱ्या सामुदायिक आसनांची एक जुनी वाट त्या आराखड्याकडे जाते. १९५१ मध्ये लोणावळ्यात योग महाविद्यालय सुरू झाले आणि साठच्या दशकाच्या आरंभी जुनाट विकारांच्या रुग्णांसाठी योग रुग्णालय उभे राहिले.

डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेले योगोपचारावरील पुस्तक १९६३ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने प्रकाशित केले. मनाची योग्य धारणा, स्नायू, मज्जा व ग्रंथी यांना नव्याने वळण लावणे आणि आहार व उत्सर्जन यांची शिस्त, अशा तिहेरी पायावर त्यातील उपचार उभे आहेत. मन आणि शरीर यांना वेगळे काढून रुग्ण बरा करता येत नाही, हा विचार आता जगभरच्या पुनर्वसन केंद्रांत रुळला आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंदांचे निधन झाले, तेव्हा तो नुकता कुठे रुजत होता.

त्यांच्या मागे हे काम रुग्णालयांत पोहोचले. १९६९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी विनेकर व अन्य सहकाऱ्यांसह ४७ रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींची औषधे कमी करता आली, काहींची आली नाहीत आणि दोन्ही गोष्टी त्यात नोंदवल्या गेल्या. २०२० मध्ये देशातील २४ रुग्णालयांतील ३,९५९ हृदयविकार रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. योगाधारित पुनर्वसनामुळे रुग्णांना आपली तब्येत अधिक बरी वाटू लागली आणि ते पूर्वीच्या दैनंदिन कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येणे अशा गंभीर घटना मात्र निर्विवादपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही.

कुवलयानंदांना या निष्कर्षांचे दोन्ही भाग सारख्याच आस्थेने वाचावेसे वाटले असते. हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या माणसाला शेतावर किंवा कचेरीत परत जाण्याचा विश्वास मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण तेवढ्या भरवशावर त्याने डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या, तर तो योगाचा दोष नसून अवास्तव दाव्यांचा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी हृदयरोगतज्ज्ञ गाठणे आजही अनेकांना दुरापास्त असताना ही मर्यादा पाळणे अधिकच गरजेचे आहे. डॉक्टरांच्या शेजारी बसणारा आणि स्वतःची तपासणी करून घेणारा योग कुवलयानंदांनी घडवला. शताब्दी ओलांडलेल्या कैवल्यधामाच्या या संस्थापकाचे स्मरण करताना तीच शिस्त पाळली गेली पाहिजे.