अब्राहाम लिंकन ह्यांची वंशावळी

आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत असे पुष्कळ बंधु आहेत कीं, त्यांस आपल्या आजाच्या पलीकडील एकही नांव ठाऊक नाहीं. कोणाच्या वाडवडिलांनीं दुष्काळांत गांव सोडलें, कोणी प्रभूचा स्वीकार केल्यावर भाऊबंदांस अंतरला, तर कोणी पोटासाठीं परमुलखीं गेला. पुढें सोयरीक जुळवितांना कोणी कुळ विचारलें, म्हणजे अशा मनुष्यास मान खालीं घालावीशी वाटते. अशा बंधूंसाठीं आज आम्ही एका थोर पुरुषाच्या घराण्याची हकीकत सादर करीत आहों.

अब्राहाम लिंकन हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सोळावे अध्यक्ष. इ. स. १८४८ मध्यें ते तेथील कायदेमंडळाचे सभासद असतां, मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील हिंगम गांवच्या एका लिंकन आडनांवाच्या गृहस्थानें पत्र लिहून त्यांस त्यांचें कुळ विचारलें. आपल्या आजाचें नांव अब्राहाम होतें व तो व्हर्जिनियांतून केंटकींत आला, एवढें लिंकन ह्यांस सांगतां आलें. त्यामागचा धागा त्यांस लागला नाहीं. पुढें १८५९ सालीं त्यांनीं आपली थोडक्यांत हकीकत लिहिली, तिच्यांतही आपलें घराणें सामान्य असल्याचें त्यांनीं नमूद केलें. हिंगमकडील लिंकन घराण्याशीं आपला संबंध जुळतो कीं काय, हें पाहूं गेल्यास कांहीं नांवें सारखीं आढळतात, ह्यापलीकडे कांहीं हातीं लागत नाहीं, असें त्यांचें मत होतें.

जें त्यांस कळलें नाहीं, तें त्यांच्या पश्चात् संशोधकांनीं जुनीं दप्तरें चाळून शोधून काढलें. ह्या घराण्याचा अमेरिकेंतील मूळ पुरुष सॅम्युएल लिंकन हा विणकराचें काम शिकलेला तरुण होता. तो १६३७ सालीं इंग्लंडांतून समुद्रापार गेला व त्याच हिंगम गांवीं राहिला. त्याचा पुत्र मॉर्डेकाय, म्हणजे आपल्या शास्त्रांतील मर्दखय, हा लोखंडाचें काम करी. त्याच्या पुत्राचेंही नांव मॉर्डेकायच होतें. तो प्रथम न्यू जर्सीस व मग पेनसिल्व्हानियास गेला. त्याचा पुत्र जॉन १७६८ च्या सुमारास व्हर्जिनियास गेला, आणि जॉनचा पुत्र अब्राहाम १७८२ च्या सुमारास डोंगर ओलांडून केंटकींत शिरला. दर पिढीनें नवी भूमि धरावी व जुनें घर मागें टाकावें, असा ह्या कुळाचा क्रमच पडला होता. मग मागील नांवें विसरलीं गेलीं ह्यांत नवल काय?

केंटकींतील ती भूमि तेथील मूळच्या लोकांची शिकारीची भूमि होती. गोऱ्या लोकांनीं ती बळकाविल्यामुळें उभयपक्षीं रक्तपात चालला होता. १७८६ सालीं हा आजा अब्राहाम आपल्या शेतांत मुलांसह काम करीत असतां गोळी लागून मरण पावला. त्याचा धाकटा मुलगा थॉमस त्या वेळीं अवघा आठ वर्षांचा होता. त्या काळच्या कायद्याप्रमाणें बापाची जमीन वडील भावाकडे गेली, आणि थॉमस मोलमजुरी करीत वाढला.

थॉमस सुतारकाम शिकला. १८०६ सालीं त्यानें नॅन्सी हँक्स हिच्याशीं लग्न केलें. त्यांचा पुत्र अब्राहाम १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं लांकडी ओंडक्यांच्या झोंपडींत जन्मला. हें कुटुंब ज्या बाप्तिस्ट मंडळींत जाई, ती मंडळी गुलामगिरीच्या विरुद्ध होती. केंटकींत जमिनीच्या हक्काचे तंटे फार होते, आणि गुलामगिरीही होती. ह्या दोन्ही कारणांनीं, पण मुख्यतः जमिनीच्या तंट्यांमुळें, थॉमसनें १८१६ सालीं बिऱ्हाड मोडून इंडियानाचें रान गांठलें.

दोन वर्षांनीं त्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळला. तेथील गाई रानांतील एक विषारी वनस्पति खात व त्यांचें दूध विषारी होई. त्या दुधानें उद्भवणाऱ्या रोगानें १८१८ सालीं नॅन्सी मरण पावली. अब्राहाम तेव्हां नऊ वर्षांचे होते. पुढील वर्षीं सेरा नांवाची एक विधवा आपल्या तीन मुलांसह त्यांची सावत्र आई होऊन आली. तिनें आपलें व परकें असा भेद केला नाहीं व त्यांच्या वाचनास उत्तेजन दिलें. सर्व मिळून एक वर्षही त्यांचें शाळेंत जाणें झालें नाहीं. १८३० सालीं हें कुटुंब पुन्हां बैलगाड्यांत सामान भरून इलिनॉय संस्थानास निघालें, तेव्हां एकवीस वर्षांचे लिंकन स्वतः बैल हांकीत होते. पुढें १८६१ सालीं अध्यक्षपदाची सूत्रें घेण्यास निघण्यापूर्वीं ते त्या वृद्ध सावत्र आईस मुद्दाम भेटून आले.

ते कोणत्याही मंडळीचे रीतसर सभासद झाले नाहींत, हें आम्ही लपवीत नाहीं. त्यांच्या भाऊबंदांतही गुलाम बाळगणारे होते. तरी १ जानेवारी १८६३ रोजीं त्यांनीं बंडखोर प्रांतांतील गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला. १४ एप्रिल १८६५, उत्तम शुक्रवार, ह्या दिवशीं एका मारेकऱ्यानें त्यांच्यावर गोळी झाडली व दुसऱ्या दिवशीं ते मरण पावले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. १८६० च्या शिरगणतींत सुमारें चाळीस लक्ष लोक गुलाम म्हणून नोंदलेले होते. त्यांस विकतांना बायको एकीकडे व मुलें दुसरीकडे जात. वंशावळी ठेवण्याची सोयही त्यांस नव्हती. ज्यास आपल्या पणजाचें नांव ठाऊक नव्हतें, त्याच्या हातून ह्या लोकांच्या मुक्ततेचें द्वार उघडलें.

लिंकन ह्यांचा स्वतःचा वंश १९८५ सालीं त्यांच्या अखेरच्या पणतूच्या मृत्यूनें संपला. ज्यांच्या मागें सहा पिढ्यांची सांखळी होती, त्यांच्या पुढें ती टिकली नाहीं. परंतु त्यांचें कार्य टिकलें. तेव्हां, बंधुजनहो, कुळाचा अभिमान धरण्याजोगें त्यांत थोडें आहे, आणि कुळ ठाऊक नसल्याची लाज धरण्याजोगें तर कांहींच नाहीं.

तथापि नांवें टाकून देऊं नयेत. थॉमस १८५१ सालीं वारला, त्या सुमारास लिंकन ह्यांनीं कुटुंबाच्या पवित्र शास्त्राच्या पानावर आईबापांचीं व बहिणीचीं नांवें आणि तारखा स्वहस्तें लिहून ठेविल्या. आपल्या घरींही शास्त्राचें एखादें कोरें पान असेलच. ज्यास लिहितां येत नसेल त्यानें आपल्या उपदेशकाकडून लिहवून घ्यावें. आजाचें नांव आठवत नसेल तर स्वतःच्या नांवापासून आरंभ करावा. आपल्या नातवंडांस तोच मूळ पुरुष होईल.