पेन ड्राइव्हमधल्या चुका दुरुस्त करणारा गणिती

गोंदियाजवळच्या नागऱ्याहून एखादे कुटुंब रुग्णाला घेऊन नागपूरला निघते, तेव्हा पिशवीत जुने केस पेपर, गोळ्यांच्या पट्ट्या आणि सीटी स्कॅनची सीडी किंवा पेन ड्राइव्ह असतो. नागपूरचे डॉक्टर तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावतात. पडद्यावरचे चक्र फिरत राहते. मग एक तर मेंदूचे चित्र उघडते, नाही तर फाइल वाचता येत नाही असा निरोप येतो. चित्र उघडले तर त्यामागे राज चंद्र बोस या गणितज्ञाची मेहनत असू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

बोस यांचा जन्म 19 जून 1901 रोजी होशंगाबादला झाला. आज मध्य प्रदेशात असलेले ते गाव तेव्हा मध्य प्रांतात होते. आजच्या गोंदिया जिल्ह्याचा भागही तेव्हा भंडारा जिल्ह्याबरोबर याच मध्य प्रांतात होता. वडील डॉक्टर. पाच भावंडांत राज चंद्र थोरले. घरचे बरे चालले होते. 1918 मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि तिने आईला नेले. पुढच्याच वर्षी वडील पक्षाघाताने गेले. सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर स्वतःच्या शिक्षणाचा आणि धाकट्यांचा भार पडला. अशा ओढाताणीतही त्यांनी शिक्षण सोडले नाही. दिल्लीत शिकून ते पुढे कलकत्त्याला गेले आणि 1927 पर्यंत गणितात एम.ए. झाले. तिथे प्राध्यापक श्यामादास मुखोपाध्याय यांच्या हाताखाली त्यांनी भूमितीत संशोधन केले आणि आशुतोष कॉलेजात शिकवण्याची नोकरी धरली.

1932 च्या अखेरीस प्रशांतचंद्र महालनोबिस त्यांच्याकडे आले. त्यांनी नुकतीच भारतीय सांख्यिकी संस्था सुरू केली होती. त्यांना भूमिती जाणणारा माणूस संख्याशास्त्रासाठी हवा होता. बोस यांना संख्याशास्त्र फारसे येत नव्हते. रुजू झाल्यावर त्यांच्या टेबलावर जुन्या नियतकालिकांचे खंड आणि वाचायच्या पन्नास लेखांची यादी आली. तिशी ओलांडलेल्या या शिक्षकाने पुन्हा विद्यार्थी होऊन ते सगळे वाचून काढले.

त्या काळी मोठा प्रश्न होता तो शेतीतल्या प्रयोगांचा. धानाच्या दहा जातींची तुलना करायची आहे, पण प्रत्येक बांधीत चारच जाती लावता येतात. एका बांधीत पाणी जास्त साचते, दुसरीची माती हलकी. मग कोणती जात कुठे लावली म्हणजे तुलना न्याय्य होईल? बोस यांनी अशा मांडणीचे नियम भूमितीच्या आणि बीजगणिताच्या आधाराने शोधले. 1939 मधला त्यांचा या विषयावरचा लेख आजही पायाभूत मानला जातो. नव्या औषधांच्या चाचण्यांची आखणी करतानाही याच शास्त्राचा उपयोग होतो.

कलकत्ता विद्यापीठात ते संख्याशास्त्राचे विभागप्रमुख झाले, तरी त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. प्रसिद्ध झालेल्या लेखांच्या आधारे विद्यापीठाने 1947 मध्ये त्यांना डी.लिट. दिली. त्यानंतर ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात स्थिरावले.

तिथे त्यांना एक जुना विद्यार्थी आणि सहकारी पुन्हा भेटला. सागरला जन्मलेले, नागपूरच्या सरकारी सायन्स कॉलेजात शिकलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी 1950 मध्ये बोस यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली. 1959 मध्ये बोस, श्रीखंडे आणि अमेरिकेचे पार्कर या तिघांनी थोर गणिती ऑयलर यांचे 1782 मधले एक अनुमान चुकीचे असल्याचे सिद्ध केले. ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर छापून आली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले.

त्याच सुमारास बोस आणि त्यांचे आणखी एक विद्यार्थी द्विजेंद्र कुमार राय-चौधुरी वेगळ्या प्रश्नाला भिडले होते. यंत्राने साठवलेल्या किंवा पाठवलेल्या शून्य-एकच्या ओळीत दोन-चार आकडे उलटले, तर ते ओळखायचे कसे?

दवाखान्यातले उदाहरण घेऊ. केस पेपरवर नुसते रमा लिहिले असेल आणि पहिले अक्षर पुसले गेले, तर ती रमा की उमा हे कळणार नाही. पण नावापुढे वडिलांचे नाव, गाव आणि वय असेल, तर पुसलेले अक्षर बिनचूक भरता येते. जादा माहिती चूक दुरुस्त करते. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील हॅमिंग यांनी 1950 मध्ये एक चूक दुरुस्त करण्याची पद्धत दिली होती. हव्या तितक्या चुका दुरुस्त करण्यासाठी कोणते जादा आकडे जोडावेत, याची सर्वसाधारण रीत बोस आणि राय-चौधुरी यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केली. फ्रान्सचे ओकेंगेम यांना ती 1959 मध्ये स्वतंत्रपणे सापडली होती. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला बीसीएच संकेत म्हणतात. तेव्हा बोस यांचे वय 58 होते.

पेन ड्राइव्हमध्ये माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार. काळाने आणि वापराने तो गळतो आणि साठवलेला आकडा उलटू शकतो. आतली छोटी चिप प्रत्येक वाचनात जादा आकडे तपासते आणि मर्यादेतल्या चुका गुपचूप दुरुस्त करते. कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही. अनेक पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांत यासाठी बीसीएच संकेत वापरले गेले. नव्या उपकरणांत आता इतर संकेतही आले आहेत. सीडीवरचे ओरखडे झेलणारी पद्धत याच घराण्यातली. चहाच्या टपरीवरच्या क्यूआर कोडच्या एका छोट्या भागातही बीसीएच आहे.

चुका मर्यादेबाहेर गेल्या की चिप हात टेकते. मग कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम तोच भाग पुन्हा पुन्हा मागते. पडदा अडकल्यासारखा वाटतो तो म्हणूनच. शेवटी ती चूक कळवते. अंदाजाने चित्र भरून देत नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने तेच योग्य आहे. फाइलींची यादी असलेलाच भाग बिघडला, तर विंडोज पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायला सांगते. तिथे हो म्हणू नये. बहुतेक फाइली आत शाबूत असू शकतात. दुसऱ्या पोर्टला किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहावे, उघडल्यास आधी कॉपी काढावी. तरीही न उघडल्यास वारंवार लावून न बघता जाणकाराकडे द्यावे. आणि माहिती लिहिली जात असतानाच पेन ड्राइव्ह उपटला, तर कोणतेही गणित कामाला येत नाही. जे लिहिलेच गेले नाही, ते दुरुस्त कसे होणार?

1971 नंतर बोस कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात शिकवायला गेले. 1976 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. 31 ऑक्टोबर 1987 रोजी फोर्ट कॉलिन्स येथे त्यांचे निधन झाले. साथीत आई गमावलेल्या या मुलाच्या गणिताने पुढे अगणित रुग्णांची चित्रे वाचवली असतील. पण त्या गणितालाही मर्यादा आहे. म्हणून स्कॅनची दुसरी प्रत घरी ठेवावी आणि छापील रिपोर्ट पिशवीत असू द्यावा.