मास्तरांचे मैदान : मरहूम सय्यद अब्दुल रहीम

वाचकहो, 2024 साली 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट आला आणि आपल्यापैकी अनेकांच्या कानी सय्यद अब्दुल रहीम हे नाव प्रथमच पडले. पडद्यावरचे रहीमसाहेब घटकाभर बाजूला ठेवू या. हैदराबादच्या शाळांतून मुलांना शिकविणारा एक पदवीधर मास्तर भारताच्या फुटबॉल संघाचा गुरू कसा झाला, ते येथे आपल्यापुढे मांडावयाचे आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात फुटबॉलचे वेड तसे कमीच. ते पाहायचे तर कामठीला जावे लागते. तरीही पालकांनी आणि विद्यार्थी मित्रांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

रहीमसाहेबांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबादेत झाला. त्या वेळी आपला मराठवाडाही त्याच निजामी संस्थानात होता. उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणाऱ्या उस्मानिया विद्यापीठाचे ते बी. ए. विद्यापीठाच्या संघातून आणि पुढे शहरातील क्लबांतून ते खेळले, पण पोटापाण्यासाठी त्यांनी धरली ती शिक्षकाची नोकरी. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन ते शाळेतल्या खेळांकडे वळले. आपल्याकडे मुलाच्या हाती चेंडू दिसला की वडिलांच्या कपाळाला आठी पडते. या गृहस्थाने पदवीही घेतली, चेंडूही सोडला नाही, आणि दोन्हींचा उपयोग एकाच कामी केला.

1943 मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले, आणि 1950 पासून हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाताखाली आला. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा त्या काळी देशातील मोठ्या मानाची. ती या पोलिसांनी 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे जिंकली!

हे कसे साधले? चेंडू पायातच घोळवत बसण्याची आपल्या खेळाडूंना फार हौस असे. रहीमसाहेबांनी अशा स्पर्धाच भरविल्या की ज्यांत चेंडू घोळविण्यास बंदी. मिळालेला चेंडू लगेच साथीदाराकडे द्यायचा. ज्याचा उजवा पाय तरबेज, त्याने डाव्यानेच खेळायचे, असेही सामने ठेवले. वर्गात कच्च्या विषयाचा गृहपाठ जास्त द्यावा, तसाच हा प्रकार.

गुणी मुलगा शोधून काढण्याची त्यांची नजरही मास्तराचीच. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील तुलसीदास बलराम हा गरीब घरचा तमिळ मुलगा त्यांच्या नजरेत भरला. सरावाचे मैदान लांब आणि जवळ पैसा नाही. रहीमसाहेब त्याला भाड्याच्या सायकलीसाठी रोज एक रुपया देत. हाच बलराम पुढे 1956 आणि 1960 अशा दोन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला.

राष्ट्रीय संघाची सुरुवात झकास झाली. 1951 च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला 1-0 ने हरवून भारताने सुवर्णपदक घेतले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला 10-1 असा धुव्वा उडविला. थंड प्रदेशातील ते मैदान, आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. त्यानंतर देशात बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. रहीमसाहेबही या पराभवाने खचले नाहीत. त्या वर्षी ऑलिंपिक जिंकणाऱ्या हंगेरीच्या खेळाचा त्यांनी अभ्यास केला आणि मधला आघाडीवीर थोडा मागे खेळविण्याची नवी मांडणी आपल्या संघात आणली. चारच वर्षांनी मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाला आपण 4-2 ने हरविले. मुंबईकडून खेळणाऱ्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने त्यात तीन गोल केले. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला. पदक मात्र हुकले.

1960 च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या संघात त्यांचे चिरंजीव सय्यद शाहीद हकीम यांचेही नाव होते. त्या स्पर्धेत हकीमना एकही सामना खेळायला मिळाला नाही. प्रशिक्षक बापच होता, हे ध्यानात घ्या.

आता 1962 च्या जकार्ताकडे वळू. धूम्रपानाची सवय त्यांना फार पूर्वीपासूनची, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने शरीर पोखरत आणले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने 2-0 ने जिंकला. नंतर थायलंड व जपानला आपण हरविले, पण थायलंडविरुद्ध बचावफळीचा कणा असलेल्या जर्नेलसिंगचे डोके फुटले आणि टाके पडले. अशा गड्याला मागे ठेवावे तर बचाव उघडा पडेल, आणि बाहेर बसवावे तर संघ खचेल. रहीमसाहेबांनी तिसराच मार्ग काढला : बचावाचा हा पहाड त्यांनी आघाडीला नेऊन उभा केला! उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेलसिंगने गोल केला आणि भारत 3-2 ने जिंकला.

अंतिम सामना 4 सप्टेंबर रोजी, पुन्हा दक्षिण कोरियाशीच. इस्रायल व तैवान यांना यजमानांनी स्पर्धेबाहेर ठेवले होते. त्यावर एका भारतीय क्रीडाधिकाऱ्याने टीका केल्याने तेथील जनता भारतावर चिडलेली. सुमारे लाखभर प्रेक्षक आपल्या विरुद्ध ओरडत होते. अशा गदारोळात पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, आणि थोड्याच वेळात टाके पडलेल्या जर्नेलसिंगने दुसरा. कोरियाला अखेरीस एकच गोल फेडता आला. चुनी गोस्वामींच्या नेतृत्वाखाली भारताने 2-1 असे सुवर्णपदक मिळविले. 2023 पर्यंतच्या कोणत्याही आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक पुन्हा मिळाले नाही.

मायदेशी परतल्यावर आजार बळावत गेला. 11 जून 1963 रोजी रहीमसाहेबांचे इंतकाल झाले. वय अवघे 53. चिरंजीव हकीम पुढे भारतीय हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले, आणि वडिलांप्रमाणेच त्यांनी प्रशिक्षकाचेही काम केले. गोव्याच्या साळगावकर संघाला त्यांनीही धडे दिले.