पाळकाच्या घरातील लेखिका : शार्लट ब्राँटे



इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हाती कधी ना कधी ‘जेन एअर’ ही कादंबरी येते. तिची लेखिका शार्लट ब्राँटे चर्चशेजारच्या पाळकाच्या घरात वाढली होती. तिचे आयुष्य अवघे ३८ वर्षांचे होते. परंतु त्यात दुःख, कष्ट आणि श्रद्धा यांची दाट वीण आहे.

शार्लटचा जन्म २१ एप्रिल १८१६ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात झाला. तिचे वडील पॅट्रिक ब्राँटे हे आयर्लंडमधील गरीब घरातून आलेले, केंब्रिजला शिकून अँग्लिकन पाळक झालेले गृहस्थ होते. १८२० साली त्यांची हॉवर्थ या डोंगरावरील गावी नेमणूक झाली. घराला लागून दफनभूमी आणि पलीकडे चर्च. पुढच्याच वर्षी आई वारली. मागे सहा मुले राहिली. पाळकांच्या मुलींसाठी असलेल्या एका निवासी शाळेत चार मुलींना पाठवण्यात आले. तेथील थंडी आणि निकृष्ट अन्न त्यांना सोसले नाही. १८२५ साली ११ वर्षांची मरिया आणि १० वर्षांची एलिझाबेथ, दोघीही क्षयाने गेल्या. नऊ वर्षांची शार्लट आता घरातली थोरली झाली.

उरलेली चार भावंडे म्हणजे शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन. वडिलांनी ब्रॅनवेलसाठी आणलेल्या लाकडी शिपायांवरून त्यांनी काल्पनिक राज्ये उभारली आणि इवल्याशा वह्यांत त्यांच्या कथा लिहिल्या. पुढे शार्लटने शिक्षिकेची आणि श्रीमंतांच्या घरी मुले शिकवण्याची नोकरी केली. १८३७ साली तिने आपल्या कविता राजकवी रॉबर्ट साउदी यांना पाठवल्या. लेखन हे स्त्रीच्या आयुष्याचे काम होऊ शकत नाही, अशा आशयाचे उत्तर आले. तिने ते जपून ठेवले, पण लेखन सोडले नाही.

स्वतःची शाळा काढावी म्हणून फ्रेंच शिकण्यासाठी १८४२ साली ती एमिलीसह ब्रुसेल्सला गेली. दुसऱ्या वर्षी ती एकटीच परतली. शाळेतील विवाहित शिक्षक एजे यांच्याविषयी तिच्या मनात ओढ निर्माण झाली होती. ती कुणाला सांगता येत नव्हती आणि विसरताही येत नव्हती. ऑगस्टच्या सुट्टीत शाळा रिकामी झाली. बोलायला माणूस नाही, अशा अवस्थेत ती दिवसभर रस्त्यांवर भटकत असे.

१ सप्टेंबर १८४३ च्या संध्याकाळी संत गुडुला चर्चची घंटा ऐकून ती आत गेली. हे चर्च आज ब्रुसेल्सचे कॅथेड्रल आहे. सायंप्रार्थना संपली, काही लोक पापनिवेदनासाठी थांबले होते. तीही गुडघे टेकून बसली. आपण प्रॉटेस्टंट आहोत हे तिने धर्मगुरूला स्पष्ट सांगितले. तो प्रथम तयार नव्हता. पण तिचा आग्रह पाहून त्याने ऐकून घेतले आणि रोज सकाळी आपल्या घरी येण्यास सांगितले. ती पुन्हा गेली नाही. दुसऱ्या दिवशी एमिलीला पत्र लिहून तिने हे कळवले आणि वडिलांना सांगू नकोस असे बजावले. काय निवेदन केले, ते मात्र तिने बहिणीलाही लिहिले नाही.

शार्लट कॅथलिक झाली नाही. उलट तिच्या ‘व्हिलेट’ या १८५३ च्या कादंबरीत आपल्या ख्रिस्तसभेवर कठोर टीका आहे. ती आपण शांतपणे वाचली पाहिजे. त्याच कादंबरीत मात्र ही पापनिवेदनाची घटना आली आहे आणि नायिका त्या वृद्ध धर्मगुरूच्या दयाळूपणाचे ऋण मान्य करते. दहा वर्षांनंतरही ती संध्याकाळ लेखिका विसरली नव्हती. त्या धर्मगुरूने तिचे मत बदलले नाही, पण तिचा भार हलका केला.

१८४६ साली तिन्ही बहिणींनी पुरुषी वाटावीत अशी टोपणनावे घेऊन स्वखर्चाने कवितासंग्रह काढला. वर्षभरात त्याच्या दोन प्रती खपल्या! त्याच वर्षी वडिलांच्या डोळ्यातील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती मँचेस्टरला गेली. अंधाऱ्या खोलीत पडलेल्या वडिलांची शुश्रूषा करीत असताना तिने ‘जेन एअर’ लिहायला घेतली. ऑक्टोबर १८४७ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि गाजली. जेन ही अनाथ, गरीब, दिसायला साधी मुलगी; पण देवासमोर आपण धनवंतांच्या बरोबरीच्या आहोत हे तिला पक्के ठाऊक आहे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याची पहिली पत्नी जिवंत आहे हे कळताच ती ते घर सोडून निघते. तिला थांबवायला कुणी नातेवाईक नव्हते, समाजाचे भय नव्हते. होती फक्त सदसद्विवेकबुद्धी. ब्रुसेल्समध्ये ज्या प्रश्नाने शार्लटला छळले, त्याचे उत्तर तिने जेनच्या पावलांनी दिले, असे मला वाटते.

यशामागोमाग मरण आले. सप्टेंबर १८४८ मध्ये ब्रॅनवेल, डिसेंबरमध्ये एमिली, मे १८४९ मध्ये अ‍ॅन. आठ महिन्यांत तीन भावंडे गेली. अर्धवट राहिलेली ‘शर्ली’ ही कादंबरी तिने तशाही स्थितीत पूर्ण केली आणि वृद्ध वडिलांना सांभाळले. वडिलांचे सहायक आर्थर बेल निकल्स यांनी तिला मागणी घातली, तेव्हा वडील संतापले. अखेर २९ जून १८५४ रोजी विवाह झाला. वडील चर्चमध्ये आले नाहीत. संसार नऊ महिनेच टिकला. गरोदर असताना आजारी पडून ३१ मार्च १८५५ रोजी तिचे निधन झाले. सहाही मुले गमावलेल्या त्या वडिलांना १८६१ पर्यंत कोणी सांभाळले? त्यांनी नाकारलेल्या त्याच जावयाने.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही नोकरीसाठी एकटे राहणारे, सुट्टीच्या दिवशी घंटा ऐकून मागच्या बाकावर येऊन बसणारे अनोळखी लोक असतात. मिस्सा संपल्यावर त्यांची विचारपूस करू या. ते आपल्यापैकी आहेत की नाहीत, हा प्रश्न नंतरचा.