मारिया माँटेसरी : संख्या मुलांच्या हाती देणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ

गणिताच्या भीतीचे मूळ शिकवण्याच्या पद्धतीत असते, या जाणिवेतून बालशिक्षणाला नवी दिशा देणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियाराव्हाले या गावी झाला. रोम विद्यापीठातून १८९६ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली. बौद्धिकदृष्ट्या विकलांग मुलांसाठी काम करत असताना, हातांना काम मिळाले की बुद्धीलाही चालना मिळते, हे त्यांच्या ध्यानात आले.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह सुरू केले. पाढ्यांच्या घोकंपट्टीऐवजी तेथे मुलांना वस्तू हाताळायला मिळाल्या. संख्यांची ओळख लाल-निळ्या पट्ट्यांच्या दहा दांड्यांपासून होई. सर्वांत आखूड दांडी दहा सेंटीमीटरची, तर सर्वांत लांब एक मीटरची असे. त्यानंतर खरखरीत कागदाचे अंक मुले बोटांनी गिरवत. पुढील साधनात शून्य ते नऊ असे खण असत आणि त्यांत पंचेचाळीस काड्या मोजून ठेवायच्या असत. शून्याचा खण रिकामाच राही आणि शून्याचा अर्थ मुलाला आपोआप उमगे. सोनेरी मण्यांच्या साधनात एकक म्हणजे एक मणी, दशक म्हणजे दहा मण्यांची माळ, शतक म्हणजे चौरस आणि सहस्र म्हणजे घन. हातच्याची बेरीज मुले प्रत्यक्ष मणी बदलून करत.

थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून १९३९ मध्ये त्या मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरल्यावर ब्रिटिश सरकारने त्यांचे पुत्र मारिओ यांना स्थानबद्ध केले आणि माँटेसरी यांच्यावरही निर्बंध घातले. सत्तराव्या वाढदिवशी पुत्राची सुटका झाली. निर्बंधांच्या त्या काळातही त्यांनी भारतीय शिक्षकांचे प्रशिक्षण सुरूच ठेवले.

ही साधने महाग होती. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धती भारतातील गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचणार कशी, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत गुजरातमध्ये बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी त्याचे उत्तर शोधले. १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे त्यांनी आदिवासी मुलांसाठी बिया, खडे, शिंपले अशा परिसरातील वस्तूंचाच शैक्षणिक साधने म्हणून उपयोग केला.

६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नोर्डवाइक येथे माँटेसरी यांचे निधन झाले. पुढे १९९० मध्ये इटलीने एक हजार लिराच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. युरो आल्यावर ती नोट इतिहासजमा झाली. आधी वस्तू आणि मग अंक, हा त्यांनी घालून दिलेला क्रम मात्र आजही अनेक बालवाड्यांतून पाळला जातो.