नंबर वाटणारे पोस्टेल

हॉस्टेलच्या वायफायला जोडल्या जोडल्या तुमचा फोन आयपी अ‍ॅड्रेस मागतो. डीएचसीपी म्हणतात ते हेच. मागताना तो स्वतःची ओळखही देतो: हार्डवेअरचा प्रकार कुठला आणि मॅक अ‍ॅड्रेस काय. प्रकार आकड्यात सांगायचा असतो. इथरनेटचा आकडा १. आता हे आकडे जगभर एकच हवेत, नाहीतर समोरच्या यंत्राला काय कळणार, डोंबल! मग ते ठरवायचे कुणी?

बरीच वर्षं हे काम जॉन पोस्टेल यांच्याकडे होतं. जन्म १९४३, कॅलिफोर्नियातला. १९६९मध्ये यूसीएलएत अर्पानेटची सुरुवात झाली, तेव्हा ते तिथेच शिकत होते. कुठला नंबर कशाला दिला, याची नोंद त्यांनी अंगावर घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. लांब दाढी, पायात सँडल. निवडणूक नाही, खुर्ची नाही, पण लोक त्यांचं ऐकायचे.

किती ऐकायचे, ते जानेवारी १९९८मध्ये दिसलं. इंटरनेटवरच्या नावांची मूळ यादी अमेरिकी सरकारच्या कंत्राटदार कंपनीकडून न घेता आपल्या सर्व्हरवरून घ्या, असा ईमेल त्यांनी १२ पैकी ८ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना केला. आठही जणांनी ऐकलं! वॉशिंग्टन हादरलं. ही चाचणी होती, असं सांगून पोस्टेल यांनी सगळं पूर्ववत केलं. मला तरी तो इशाराच वाटतो.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, हृदयशस्त्रक्रियेनंतर, ते गेले. वय ५५. त्यांचं काम जिच्याकडे जायचं होतं, ती आयकॅन ही संस्था स्थापन होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता.